बिनचूक कागद

“स्वतःच्या हिमतीवर वर आलात,” असं कुणी म्हणालं की माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवतो. हिंमत कसली, डोंबलाची!

ताईनं आणि मी याच कचेरीत एका नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा दिली होती. कागद गोळा करून त्यांवर नावं साहेबच टाकायचे. ताईचा कागद बिनचूक होता, माझ्या कागदात अकरा चुका होत्या. साहेबांनी माझा गोरा चेहरा पाहिला, तिचा काळा पाहिला आणि बिनचूक कागद माझ्यापुढे धरला.

“हा तुझाच ना?”

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी “हो” म्हणाले.

घरी ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही. एकदा तरी माझ्या थोबाडीत द्यायची होतीस गं!

आज साहेबांच्या खुर्चीत मी बसते. परवा समोर परीक्षेला आलेल्या दोन मुली होत्या, एक गोरी, एक सावळी; प्रिंटरमधून दोन कागद आले. कुणाचा कुठला, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर माझा हात बिनचूक कागद घेऊन गोरीपुढे गेलासुद्धा होता.

“हा तुझाच ना?”

सावळी माझ्याकडे बघत राहिली, अगदी ताईसारखी.

गोरीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती “हो” म्हणाली.