वाढत्या हाताचं व्हायोलिन

बबनरावांच्या घरात लेकरांसाठी काही घ्यायचं तर वाढत्या अंगाचं. फ्रॉकच्या खाली चार बोटं काठ दुमडलेला, बुटाच्या टोकात कापूस. त्यामुळे रविकांत गुरुजींनी नातीसाठी चिठ्ठीवर ‘पाव मापाचं व्हायोलिन’ असं स्वच्छ लिहून दिलं होतं, तरी अकोल्याच्या दुकानात ते म्हणाले, “पाव कायले? मिरच्या घ्याले आलो काय मी? पुरं द्या.”

“लेकरू केवढं हाय?” दुकानदारानं विचारलं.

“सहाचं. पन वाढून राह्यलं ना बाप्पा.”

बबनरावांची वाडी कारंज्याच्या शिवेवर. पालक, मेथी, वांगी. रामनवमीच्या नऊ दिवसांत राममंदिरात कीर्तन होई आणि पेटी-तबल्याच्या जोडीला गुरुजी व्हायोलिन वाजवत. बबनराव तीस वर्षं पहिल्या ओळीत बसत आले होते. बुवा अभंग सोडवू लागले की मागून तो आवाज शब्दाचा हात धरून चालल्यासारखा येई आणि यांचे डोळे आपोआप मिटत. आपल्या घरचं एक माणूस त्या मागच्या चटईवर बसावं, एवढंच त्यांचं देवाकडं मागणं. मुलगा मुकेश बसला नाही. नात योगिनीला मात्र गुरुजींनी दिवाळीनंतर दोनदा गाऊन पाहायला लावलं आणि म्हणाले, “हिला कान आहे. आणा व्हायोलिन.”

दुकानातून बबनराव सरळ मंदिरात गेले. व्हायोलिन रामरायाच्या पायांवर ठेवलं. पुजाऱ्यानं त्याला कुंकवाचं बोट लावलं. मगच ते घरी आणलं.

आठव्या दिवशी योगिनी खाटेखाली जाऊन बसली.

“मले नाई शिकाचं.”

“काहून वं?”

“हात पुरत नाई. खांदा दुखते.”

“पुरंल. वाढून राह्यली ना तू.”

“आज तं नाई वाढली ना, आबा.”

चुलीपाशी बसलेली आजी, पंचफुला, म्हणाली, “आपल्या लग्नातच वाजोवनार असंल पोरगी. तवापर्यंत ठेवा टांगून.”

बबनराव नातीला आणि व्हायोलिनला घेऊन गुरुजींकडं गेले. गुरुजींनी पोरीला उभं केलं, व्हायोलिन मानेशी टेकवलं, डावा हात त्याच्याखालून सरळ धरायला लावला. “टोक तळहातात बसलं पाहिजे. बघा.” टोक योगिनीच्या बोटांच्याही तीन बोटं पुढं गेलं होतं.

“यावर बळंच शिकवलं तर पंधरा दिवसांत सोडेल, आणि पुन्हा हाती धरणार नाही. दुकानदार बदलून देईल. घेऊन जा.”

“देवाच्या पायावरचं दुकानात कसं नेऊ, गुरुजी? कुंकू लागलं त्याले.”

गुरुजी स्वतः कीर्तनातले. त्यांनी वाद घातला नाही. “मग तुम्ही बघा,” एवढंच म्हणाले.

दोन दिवस व्हायोलिन कोपऱ्यात बंद राहिलं. योगिनीनं त्याची आठवणही काढली नाही. बबनरावांना तेच लागलं. तिसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता पंचफुला म्हणाली, “देवाले देलं म्हनता, तं आपल्या घरी काहून ठेवलं?”

बबनरावांच्या हातातली जुडी अर्धवट राहिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी व्हायोलिन मंदिरात नेऊन दिलं. कीर्तनाला जो वाजवणारा येईल त्यानं ते वाजवावं, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी खिशात घालून अकोल्याला गेले आणि दुकानदारानं विचारण्याआधी म्हणाले, “पाव.”

हे मात्र त्यांनी देवापुढं ठेवलं नाही. लांबूनच दाखवलं.

रामनवमीच्या कीर्तनात गुरुजींच्या हाती कुंकू लागलेलं मोठं व्हायोलिन होतं. शेजारी चटईवर योगिनी. तिच्या वाट्याला फक्त रामनामाच्या गजराची चाल होती. एकदा तिचा सूर घसरला. गुरुजींनी डोळ्यानं खूण केली, ती पुन्हा जागेवर आली. त्या दिवशी बबनरावांचे डोळे मिटले नाहीत.

बुक्का लावून झाल्यावर त्यांनी गुरुजींना विचारून मोठं व्हायोलिन नातीच्या मानेशी धरलं, तिचा हात सरळ केला आणि तिच्या बोटांपासून टोकापर्यंत आपली बोटं लावून मोजलं. मग ते पुन्हा पेटीत नीट ठेवून दिलं.

घरी आल्यावर पंचफुलाला म्हणाले, “तीन बोटाले नखभर कमी.”

“मंग फ्रॉकचा काठ उसवू काय?” तिनं विचारलं.

“राहू दे यंदा.”