अंगठी गोळ्यांना नको म्हणाली

मंतरलेलं पाणी देणाऱ्या बाबांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट, आणि त्या गोळ्या घेणारी माझी मेहुणी दोऱ्याला बांधलेली अंगठी त्यावर धरून उभी. अंगठी आपोआप आडवी झुलायला लागली. लोकांनी श्वास रोखला.

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "मी हात लावला? फुंकर मारली? उभी झुलली तर हो, आडवी झुलली तर नको! बाळ, तुझ्या मनाला बाहेरची लहर चिकटलीय. लहर काय गोळीनं धुऊन निघते?"

साडूनं हात जोडले. "आजच बंद करतो, बाबा."

दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी माझी बायको अशीच अंगठी धरून उभी होती आणि हात जोडून मी होतो. तिला झोप नव्हती, रडू थांबत नव्हतं. अंगठी नको म्हणाली, आम्ही गोळ्या बंद केल्या. बाविसाव्या दिवशी तिनं जीव दिला.

मी गवंडी. भिंत सरळ आहे का ते पाहायला आम्ही दोरीला बांधलेलं वजन सोडतो, तो ओळंबा. हातात धरला की तो हलतोच, म्हणून दोरी खिळ्याला बांधायची. तीस वर्षं रोज केलेलं काम, आणि त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

"अंगठी खिळ्याला बांधा," मी म्हणालो.

"दादा, गप्प बसा ना!" साडू म्हणाला. "चारचौघांत शोभा नको."

"माझी व्हायची ती होऊन गेली."

दोरा भिंतीतल्या खिळ्याला बांधला, खाली पाकीट धरलं. अंगठी दोनदा हलली आणि थांबली.

"लोखंड लहर खातं!" बाबा ओरडले.

"बरं." मी पाकीट टेबलावर ठेवलं, दोरा पुन्हा मेहुणीच्या हातात दिला, तिचे डोळे रुमालानं बांधले आणि पाकीट गुपचूप उचलून तिथं बाबांच्याच मंतरलेल्या पाण्याची बाटली ठेवली. अंगठी आडवी झुलली. नको!

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"भाऊजी, शप्पथ, मी नाही हलवली," मेहुणी रडवेली झाली.

"मुद्दाम नाही हलवलीस. तुला गोळ्यांची भीती, आणि आडवी म्हणजे नको हे यांनी आधीच सांगून ठेवलेलं. मनात आलं की बोटं केसभर हलतात. दोरा ते मोठं करून दाखवतो."

"मग ताईच्या हातूनही..."

"हो."

साडू भडकला. "आणि दवाखान्यात कोण धड सांगतं? आठ दिवस गोळ्या खाऊन काडीचा फरक नाही!"

त्याचं खरं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय, 'अवसादाच्या लक्षणांचे यथोचित निदान आवश्यक'. त्याखाली आम्ही नवराबायको तासभर बसलो होतो, ते आपल्याबद्दल आहे हे कळलंच नाही. बाबा निदान आमच्या भाषेत बोलले.

त्याच दुपारी मेहुणीला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरबाईंना म्हटलं, "आम्ही घरात बोलतो तसं सांगा." त्यांनी सांगितलं. अवसाद म्हणजे उदासीचा आजार, बाहेरचं काही नाही. गोळ्या लागू पडायला काही आठवडे लागतात. बरं वाटो न वाटो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. माणूस जगणं नको म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घेऊन या.

पाच मिनिटं लागली. भिंतीवर हेच लिहा की! कुणाची वाट पाहताय? आणि वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: डोळे बांधून केलं तरी असंच होईल का?

मी विचारलं नव्हतं.