गुरुवारला जोडून सुट्टी

पोटनिवडणुकीला सयाजीभाऊ ढवळे उभे नव्हते, पण सीट गेली तर पडणार होते ते सयाजीभाऊच. उमेदवार होती योगिनी. तळवड्यात पोरांच्या शिकवण्या घेणारी, घराघरात ओळख असलेली, भाषणातसुद्धा आवाज न चढवणारी बाई. तिला पडायचं काही वाटत नव्हतं. पडली तर दुसऱ्या दिवशी शिकवणी होतीच. भाऊंना मात्र शहराध्यक्षपद सोडलं तर दुसरं काही नव्हतं.

आता विरोधी पक्षाचं शहराध्यक्षपद म्हणजे असून असून असणार काय? निवेदनं द्यायची, मोर्चे काढायचे आणि निकाल लागला की 'जनतेचा कौल मान्य आहे' म्हणायचं. पण भाऊंचा त्या पदावर जीव होता हो! लातूरकडून फिटर म्हणून आलेला माणूस, कंपनीतून बाहेर पडला आणि चार लोक त्याला 'अध्यक्ष' म्हणून हाक मारायला लागले. चहाच्या टपरीवर कुणी 'या अध्यक्ष' म्हटलं की भाऊ सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकायचे. टपरीवाल्यानं हे हेरलं होतं, तो तर त्यांना लांबूनच हाक मारायचा.

तर अशा भाऊंना मुंबईहून पक्षश्रेष्ठींचा निरोप आला. मागच्या दोन पोटनिवडणुका हातच्या गेल्या, ही तिसरी गेली तर अध्यक्ष बदलणार. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण भाऊंची कामगिरी जोखायला त्यांनी निरीक्षकही पाठवला. निरंजन त्याचं नाव. रावेतला चुलतभावाच्या फ्लॅटवर उतरलेला, रोज इस्त्रीच्या शर्टात येणारा, आणि कुणी काही बोललं की 'इंटरेस्टिंग' म्हणून लॅपटॉपवर टाइप करणारा. पोरगा वाईट नव्हता. पण तो टाइप करायला लागला की भाऊ बोलता बोलता वाक्य बदलायचे.

अध्यक्षपदावर डोळा होता पक्षातल्याच रविराजचा. रविराज जुन्या गावकऱ्यांपैकी, दारात पांढरी मोठी गाडी आणि तोंडात साखर. "आमाला कसलीच घाई न्हाई, भाऊ," तो म्हणायचा, "तुमी हाय तवर तुमीच." आणि हे म्हणताना नजर मात्र भाऊंच्या खुर्चीवर.

भाऊंचा हिशेब सरळ होता. वॉर्डातले जुने गावकरी बहुतेक सत्ताधाऱ्यांचे. भाऊंचे म्हणजे खोल्यांमधले भाडेकरू, लातूर, बीड, परभणीकडून आलेले, चाकण-निघोज्याच्या कंपन्यांमध्ये राबणारे. ही माणसं मतदानाला उतरली तर योगिनी डोळे झाकून निवडून येते. अडचण एकच, ती उतरणार कशी? कंपन्या म्हणाल्या, पोटनिवडणूक आहे, दोन तासांची सवलत देऊ. अहो, निघोज्याहून तळवड्याला येऊन परत जायचं तर दोन तास ट्रॅफिकमध्येच जातात. मत काय सिग्नलवर द्यायचं?

मग भाऊ पेटले. भर उन्हात कंपन्यांच्या गेटासमोर मांडी घालून बसले. एका गेटवरून उठवलं की दुसऱ्या गेटवर. घसा बसला तर खुणा करून भाषण केलं. लोक हसले, मग जमले, मग त्यांच्याबरोबर बसले. आणि काय सांगू, कारखानदार वाकले! मतदानाच्या दिवशी, बुधवारी, पूर्ण दिवसाची भरपगारी सुट्टी जाहीर झाली.

भाऊंची मान्य झालेली ही पहिली मागणी. याआधी गटारावर झाकण बसवा म्हणून त्यांनी दिलेलं निवेदन बहुधा त्याच गटारातून वाहत गेलं असावं. त्यामुळे लोकांनी भाऊंना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, आणि निरंजननं एकदा सोडून दोनदा 'इंटरेस्टिंग' म्हटलं. रविराज त्या दिवशी लवकर घरी गेला. भाऊ रात्री जेवताना बायकोला, कस्तुराकाकूंना म्हणाले, "आता मला कोण हलवतंय बघू."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. साऱ्या जगाला रविवारी सुट्टी असते, पण या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मतदान बुधवारी. बुधवारची सुट्टी भाऊंनी मिळवून दिलेली, गुरुवारची कंपनीची. कळलं का आता? तुम्हाला कळलं, भाऊंना नाही कळलं. ज्या माणसानं उभी नोकरी गुरुवारला जोडून रजा काढण्यात आणि गावाकडची गाडी पकडण्यात घालवली, त्याच्या डोक्यात हे येऊ नये? पण अध्यक्ष झालं की माणूस वार विसरतो आणि तारखा लक्षात ठेवतो.

मंगळवारी संध्याकाळी भाऊ मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला निघाले तर खोल्यांना कुलपं, म्हणून शोधत शोधत निगडीला पोचले. तिथून खासगी बसगाड्या सुटतात. बघतात तर ही गर्दी! पिशव्या, गाठोडी, कडेवर पोरं. आणि सगळे चेहरे ओळखीचे. गेटासमोर भाऊंच्या शेजारी बसून घोषणा देणारा भीमराज तर खिडकीची जागा धरून बसला होता.

"भीमराज! अरे, कुठं चाललास?"

"गावाकडं, भाऊ!" भीमराजनं खिडकीतून हात जोडले. "दोन दिवस जोडून घावलेत. तुमची कृपा!"

"आणि मतदान?"

"ते हाय की. सगळेच करणार हायेत. तुमी निर्धास्त राहा."

तेव्हा कुठं भाऊंना गुरुवार आठवला. ते तसेच बसच्या पायरीवर चढले आणि बसक्या आवाजात ओरडले, "बांधवांनो, मत देऊन जा! उद्या दुपारची गाडी धरा!" बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी 'सयाजीभाऊंचा विजय असो' म्हटलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उतरला मात्र एक माणूस, तोही पाण्याची बाटली घ्यायला.

मग भाऊ रंभाकडे वळले. पॅकिंगच्या लाइनवर काम करणारी रंभा तान्ह्या पोरीला घेऊन दाराशी उभी होती. तिला तरी थांबवू म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "भाऊ, पोरीला तिच्या आजीनं अजून बघितलं न्हाई. दोन दिवस सलग सुट्टीच मिळत न्हवती. तुमच्यामुळं जमलं."

अध्यक्षपद गेलं चुलीत, असं त्यांना एक क्षण वाटलं. दुसऱ्या क्षणी रविराजची पांढरी गाडी आठवली. तरी त्यांनी रंभाची पिशवी उचलून वर दिली. बस हलली, खिडक्यांतून हात हलले, आणि भाऊंनीही हात हलवला. हातातल्या चिठ्ठ्या कुणीच घेतल्या नव्हत्या.

बुधवारी केंद्रावर भाऊंचे पोलिंग एजंट जांभया देत बसले. गावकऱ्यांना कुठं जायचं नव्हतं. ते न्याहारी करून आले, जेवून आले, काही तर वामकुक्षी काढून चांगले पानबिन खाऊन आले. गुरुवारी निकाल लागला. योगिनी पडली, तीही थोडक्यात. तिनं जिंकलेल्या उमेदवाराला हात जोडले, भाऊंना म्हणाली, "भाऊ, तुम्ही फार कष्ट घेतलेत," आणि शिकवणीला निघून गेली. भाऊंना तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी निरंजन भाऊंच्या घरी लॅपटॉप घेऊन आला. ओसरीवर दोघंच होते. काकू आत चहा टाकत होत्या.

"अहवाल आज पाठवायचा आहे," निरंजन म्हणाला. मग त्यानं आवाज उतरवला. "भाऊ, मला तुमच्याबद्दल आदर आहे. एक मार्ग आहे. पराभवाचं कारण 'उमेदवार कमकुवत' असं लिहितो. योगिनीताईंना काय, त्यांना पुढं तिकीट नकोच आहे. तुमचं पद वाचेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

खोटं कशाला बोला, भाऊंना मोह झाला. भयंकर मोह झाला. उद्या टपरीवरून जाताना कुणी हाक मारणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. एक 'हो' म्हटलं की भागत होतं. त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि भीमराज आत आला. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, चेहरा संतापानं लाल.

"भाऊ, लोकं लई बेइमान!" तो उभ्यानंच कडाडला. "तुमी त्येंच्यासाठी उन्हात बसलाव, सुट्टी मिळवून दिलाव, आन् त्येंनी मत दिलं न्हाई? थू त्येंच्या जिंदगानीवर!"

"तू दिलंस का?" निरंजननं विचारलं.

"मी कसा देणार, साहेब? मी गावाला होतो की."

निरंजननं चष्मा काढून पुसला. एवढ्यात सोनू आला, कंपनीच्या पेंट शॉपमधला. त्याच्या हातात गुळाची ढेप. तोही जाम भडकलेला. "भाऊ, हे लोक सुधारणार नाहीत. मी गेलो ते गेलो, माझ्या एका मतानं काय होतंय? पण बाकीच्यांना काय धाड भरली होती?" त्याच्यामागून रंभा आली, डोळ्यांत पाणी, आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन. तिनंही मत न देणाऱ्यांना शिव्याशाप दिले. मग शिफ्ट सुटली तशी रांगच लागली. ज्वारी, हरभरा, लोणच्याची बरणी. जो येई तो भाऊंच्या पाया पडे आणि मतदानाला न आलेल्यांची आईमाई काढे. अंगण भरलं, गल्ली भरली. आता मात्र ही माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली.

निरंजन उठून ओसरीच्या कडेला गेला. फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत त्यानं नजर फिरवली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आपण जेवढ्या मतांनी पडलो ना, त्याहून जास्त माणसं इथंच उभी आहेत."

"व्हय," भाऊ म्हणाले. "दिसतंय मला."

"मग लिहू काय? उमेदवार कमकुवत?"

भाऊंनी समोर बघितलं. एवढी माणसं त्यांच्या दारात आजवर कधी आली नव्हती, सुट्टी मिळाल्याच्या गुलालातसुद्धा नाही. आणि त्या बिचाऱ्या योगिनीनं या सगळ्यांच्या खोल्यांचे जिने चढून पाय दुखवून घेतले होते.

"योगिनीताईंचं नाव नका घेऊ," ते म्हणाले. "लिहा, सुट्टी सयाजी ढवळेनं मागितली आणि वार सयाजी ढवळेनंच बघितला नाही."

"पद जाईल, भाऊ."

"जाऊ द्या." एवढं म्हणून लॅपटॉप त्यांनीच उचलून निरंजनच्या हातात दिला.

निरंजननं टाइप केलं. यावेळी तो 'इंटरेस्टिंग' म्हणाला नाही. अहवाल गेला आणि थोड्याच वेळात मुंबईहून त्याला फोन आला. तो बाजूला जाऊन बोलला, परत आला आणि त्यानं भाऊंकडे बघून नुसती मान हलवली. रविराजचं ठरलं होतं.

अंगणातल्या लोकांना ते न सांगताच कळलं. रंभा हमसून रडायला लागली. शेवटी भाऊच पायरीवर उभे राहिले.

"रडू नका रे. मुख्य निवडणूक पुढं यायचीच आहे. तेव्हा मी अध्यक्ष नसेन, पण सुट्टीसाठी गेटावर पुन्हा बसेन. शब्द देतो. तुम्ही फक्त एक सांगा, तेव्हा तरी मतदानाला थांबाल ना?"

सोनूनं रंभाकडे बघितलं, रंभानं भीमराजकडे. भीमराजनं मान खाजवली. माणूस प्रामाणिक, भाऊंशी खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"भाऊ," तो चाचरत म्हणाला, "वार कोणता येतोय त्याच्यावर हाय."

भाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ते हसले, आणि त्यांचं बघून अख्खी गल्ली हसायला लागली. काय झालं म्हणून काकू चहाचा ट्रे घेऊन तशाच बाहेर आल्या, तर पद गेलं हे त्यांना सांगायचंसुद्धा भाऊंना भान नव्हतं.