राखीव

डॉक्टर, दोष तुमचा आहे. रिपोर्टवरच्या त्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केलात, "स्त्रीबीजांचा राखीव साठा कमी आहे, जपा," एवढं पुटपुटलात आणि पुढच्या बाईला हाक मारलीत. समोरचीच्या डोक्यात काय शिरलं, ते बघायला मान वर केली नाहीत.

ती नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसणारी. राखीव हा शब्द तिच्या हाडीमाशी खिळलेला. राखीव म्हणजे हात लावायचा नाही. हाउसफुल्लची पाटी लागो, कुणी गयावया करो, ती खुर्ची रिकामीच ठेवायची. ज्याची आहे तो येईल.

तिनं घरीही तेच केलं. साठा आधीच तुटपुंजा, उधळायला नको, म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. नवरा त्याच नाट्यगृहात पडदे ओढणारा, मुलखाचा थट्टेखोर. "काय गं, आमचं तिकीट कायमचं रद्द?" म्हणायचा. "थांब जरा, बाळासाठीच राखतेय," ती म्हणायची. हळूहळू थट्टा आटली. त्याच्या पाठीची ऊब तिला हाकेच्या अंतरावर असायची. तिचा हात त्याच्या उशीपर्यंत सरकायचा, मागे यायचा. दिवसा खिडकीशी एखादी आई पोराला कडेवर सावरत उभी राहिली, की हिच्या हातातलं तिकीट हातातच राहायचं. "अहो, द्या की!" मागून कुणीतरी खेकसायचं.

वर्षानं ती नवऱ्याला घेऊन तुमच्यासमोर आली.

"प्रयत्न चालू आहेत ना?" तुम्ही विचारलंत.

"छे हो! तुम्ही जपायला सांगितलंत ना? एकसुद्धा वाया घालवलं नाही," ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

तुम्ही खो-खो हसलात. "अहो बाई, ते काय डब्यात राहतं? तुम्ही काही करा न करा, दर महिन्याला जातंच. कमी म्हणजे नाही, असं नव्हे. मूल व्हायला एक पुरतं. पण कमी होतं म्हणून तर घाई करायला हवी होती!"

नवऱ्यानं टेबलाखालून तिचा हात धरला, घट्ट. इतक्या महिन्यांनी तो हात लागला. पण ती रडली नाही.

"हसून झालं, डॉक्टर? मग सांगा. 'एक पुरतं, घाई करा,' एवढं त्या दिवशी बोलायला तुमची जीभ का अडली? आणि आता काय उरलंय, ते कागदाकडे नाही, माझ्याकडे बघून सांगा."