काचेत कोंडलेला पाना

मी एक जुना पाना आहे. लोहाराने लाल तापवून, घणाखाली झोडपून मला घडवलं. माझा धनी पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात फिटर होता. दिवसभर तो माझ्याकडून नट आवळून घ्यायचा. मित्रांनो, आमच्या खात्याचा एक रिवाज होता. कुणाचा हात यंत्रात सापडला, की जवळच्याने पाना लोखंडी खांबावर ठोकायचा. ठणठणाट ऐकला की प्रत्येकाने आपलं यंत्र बंद करायचं. कोण, कुठे, कसं, ते मागाहून.

एकदा धन्याच्या मेव्हण्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. धन्याने मला ठोकलं. सगळं खातं थांबलं.

"चालू करा रे! हात गेलाय, जीव नाही गेला!" मुकादम ओरडला.

धन्याने माझ्याच फटक्याने त्याचा जबडा फोडला. मग कामगारांनी संप पुकारला. फाटकावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, डोकी फुटली, पण माणसं रक्ताळलेलीच बसून राहिली. संप जिंकला. धनी पुढारी झाला, पुढे खासदार झाला. सभेत तो मला उंच धरी आणि मैदान गरजे. नंतर त्याने मला दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे कौतुक करत. तेल कुणी घातलं नाही. माझा जबडा गंजून आखडला.

एक दिवस मेव्हणा आला, रिकामी बाही खिशात खोचून.

"दाजी, उद्या तुमच्या सभागृहात मतदान आहे म्हणे. यंत्र थांबवेल त्याला तुरुंग, असा कायदा."

"पक्षाचा आदेश आहे रे. माझे हात बांधलेत."

"तुम्हाला दोन आहेत म्हणून बांधता तरी येतात! काल आपल्या खात्यात एका पोरीचा पंजा चिरडला. कायदा यायच्या आधीच सगळे घाबरलेत. कुणी ठोकलं नाही. ती ओरडत राहिली आणि यंत्रं चालत राहिली."

"मी एकटा काय करणार?"

मेव्हण्याने कोपराने काच फोडली, मला उचललं आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर ठोकू लागला. ठण! ठण! ठण!

मित्रांनो, खासदारसाहेबांचा उजवा हात आपोआप कमरेपाशी गेला. कारखान्यात यंत्र बंद करायचा खटका तिथेच असायचा. तो हात काही क्षण हवेत चाचपडला. मग त्यांनी तोच हात वर करून अंगरक्षकांना खूण केली.

अंगरक्षकांनी मेव्हण्याला फरशीवर पाडून तुडवलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. स्वयंपाकघरातून बाई धावत आल्या. भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या दिवशी हात यंत्राने खाल्ला होता. उरलेला तुम्ही खा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कायद्याच्या बाजूने हात वर केला. बाईंनी मला पदरात गुंडाळलं, घर सोडलं आणि मला कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या हाती दिलं.

आता मी पुन्हा खांबाला लटकतोय. मला तेल घाला, बाबांनो, पण काचेत ठेवू नका. आणि मी ठणठणलो की आधी यंत्र थांबवा. तुरुंगाचं मागाहून बघू.