कोरे हातमोजे

भावाने हातमोज्यांची कोरी जोडी ओट्यावर ठेवली आणि जिभेवर साखर घोळवत म्हणाला, "ताई, ही इथे राहू दे. जळकी जोडी मला दे."

आतल्या खोलीत तिचा नवरा भाजलेले हात उशीवर टेकून पडला होता. तो ओतारी, कारखान्यात वितळलेलं पितळ साच्यांत ओतायचा. भाऊ तिथेच स्टोअरकीपर, आणि त्याला चिकटवला होता तोही ह्याच ओताऱ्याने, साहेबांच्या हातापाया पडून.

"उद्या चौकशी आहे. भाऊजींनी एवढंच म्हणायचं, हातमोजे घरीच राहिले होते."

"म्हणजे ह्यांना भट्टीवरून कायमचं काढतील."

"मग काय मला काढू देत?"

चोराच्या उलट्या बोंबा! तिचं डोकंच फिरलं. "साहेबांनी काय आणायला सांगितलं होतं?"

"हीटप्रूफ. मी हे हीट रेझिस्टंट आणले. एकच ते! कशाला उगाच कीस पाडतेस? सगळ्यांदेखत घालून दाखवले होते मी."

ते खरं होतं. कारखान्याचा रिवाजच तसा: हातमोजे आणणाऱ्याने आधी स्वतः घालून तापलेला साचा उचलून दाखवायचा. ह्यानेही उचलला होता. उचलला आणि लगेच ठेवला. ओताऱ्याला मात्र सगळे साचे भरेपर्यंत पितळाने भरलेल्या मुशीचा तापलेला दांडा धरून उभं राहावं लागतं.

तिने लोखंडी कढई गॅसवर ठेवली आणि धुरकटेपर्यंत तापू दिली.

"घाल ते. कान धरून उचल."

"वेड लागलंय का तुला?"

"एकच ना ते? मग घाबरतोस कशाला?"

त्याने ऐटीत हातमोजे चढवले, कढई उचलली आणि हसला. "बघ!"

ठेवायला वळला, तर ती ओट्याला पाठ लावून आडवी उभी.

"धरून ठेव. आणि ह्यांनी उद्या काय बोलायचं ते नीट शिकव."

"बोलायचं की... हातमोजे घरीच..." त्याचं हसू मावळलं. "ताई, सरक. अगं सरक!"

कढई फरशीवर आदळली. हातमोजे झटकून त्याने लालभडक तळवे नळाखाली धरले. तिला त्याची जराही दया आली नाही.

"एक वाक्य पुरं झालं नाही रे तुझं," ती दोन्ही जोड्या पिशवीत भरत म्हणाली. "उद्या साहेबांपुढे कढई मी आणते. ह्यांनी मूस टाकली नाही, कारण समोर माणसं उभी होती. त्यात तूही होतास."