गेटवाल्याच्या खुणा

"ही पेन्सिलीची खूण कसली रे?" रंगपेटीने विचारले, आणि वर्ग संपायला सात मिनिटे उरली असताना त्या दिवशीच्या बायबल अभ्यासात पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर पुस्तकात डोके घातले.

हा अभ्यास दर बुधवारी तीन वाजता प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भरत असे. कॉलेज ख्रिस्ती संस्थेचे असले तरी त्या वेळेला मोकळी खोली म्हणून तेवढीच मिळे. बाटल्यांतले बेडूक हे तिथले एकमेव श्रोते. बाकीचे अकरा जण बोलायला येत. या आठवड्यात देव आपल्याशी काय बोलला, हे प्रत्येकाला सांगायचे असे. आणि देव प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा, बहुधा मंगळवारी संध्याकाळी, न चुकता बोलतही असे. परीक्षा जवळ आली की तो फारच बोलका होई.

मंडळाचा नेता वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात दुसऱ्यांदा बसला होता. त्याला सगळे 'धाकटे पाळकसाहेब' म्हणत. ही थट्टा आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसले की तो डोळे मिटून घेई, त्यामुळे सबंध तासात त्याचे डोळे उघडे असे क्वचितच दिसत. रंगपेटी असे टोपणनाव पडलेली मुलगी त्याचा उजवा हात होती. पापाला लाल, वचनाला हिरवा, प्रार्थनेला निळा आणि भविष्याला पिवळा, असे चार रंग वापरून तिने आपल्या बायबलात एकही ओळ कोरी ठेवली नव्हती. शेवटचे नकाशे तेवढे राहिले होते. ते सुट्टीत होणार होते.

ज्याचे बायबल जास्त झिजलेले त्याची श्रद्धा मोठी, असा या मंडळाचा हिशेब होता. एका मुलाने तर नव्या बायबलाचे कोपरे गादीखाली दाबून मऊ करून आणले होते. त्याला महिनाभर मान मिळाला.

ज्याला प्रश्न विचारला तो विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बेसिनच्या शेजारच्या स्टुलावर बसलेला होता. त्याचे वडील कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी होते, म्हणून तो 'गेटवाल्याचा'. दीड वर्षात तो या वर्गात फक्त "आमेन" म्हणाला होता, तेही सगळ्यांबरोबर. त्याचे स्वतःचे छोटे, फुकट वाटलेले बायबल पिशवीत पाण्याची बाटली सांडून भिजले, म्हणून त्या दिवशी त्याने वडिलांचे आणले होते. ते विटेएवढे जाड होते. पाठीला चिकटपट्टी, आणि समासात पानोपानी बारीक बारीक पेन्सिलीच्या रेघा.

"बाबांचं आहे," तो म्हणाला.

"ते कळलं. खुणा कसल्या?"

खुणा कसल्या ते त्याला सात वर्षांचा असल्यापासून माहीत होते. तेव्हा बाबांनीच सांगितले होते: वाचता वाचता डोळा लागतो, उठल्यावर जिथे होतो तिथे एक रेघ मारायची, म्हणजे पुन्हा तिथूनच सुरू करता येते. बावीस वर्षे फाटकावरच्या केबिनमध्ये दुपारच्या जेवणानंतर त्यांचे हेच चालले होते. एक रेघ म्हणजे एक डुलकी.

पण हे त्या खोलीत सांगायचे कसे? गेल्याच वर्षी ग्रंथालयाचा शिपाई टेबलावर डोके टेकलेला सापडला होता आणि महिन्याच्या आत घरी बसला होता. बाबांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

"बाबा तिथे... थांबतात," तो म्हणाला.

हे खोटे नव्हते. धाकट्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

"थांबतात," ते पुटपुटले. "ऐकलंत का? आपण पळतो. हा माणूस थांबतो."

पुस्तक हातोहात फिरले. लेवीय नावाच्या त्या नियमांच्या पुस्तकापाशी सगळ्यांचा श्वास अडकला. तिथे समास दिसतच नव्हता, नुसत्या रेघा.

"त्वचारोगाच्या नियमांवर एका पानात चौदा वेळा थांबलेत!"

"माझी तर ती पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत."

"आणि हे बघ, वंशावळ. तीन नावं झाली की थांबा. पुन्हा तीन नावं, पुन्हा थांबा. आपण हे सगळं सोडून देतो गं!"

"आणि गीतरत्नात एकही खूण नाही," रंगपेटी म्हणाली. बायबलातल्या त्या प्रेमगीतांत ज्यांचा डोळा लागला नाही, त्या गृहस्थाविषयी तिचा आवाज भरून आला. "किती निर्मळ मन असेल!" तिचे स्वतःचे गीतरत्न चारही रंगांत होते.

पुढचे तीन बुधवार 'थांब्यांचा अभ्यास' चालला. धाकट्या पाळकसाहेबांनी पुस्तक ठेवून घेतले (बाबांना मुलाने 'अभ्यासाला हवंय' एवढेच सांगितले होते) आणि सगळ्या खुणा मोजल्या. चार हजार तीनशे बारा. त्यांचा तक्ता करून तो हाडांच्या सापळ्याशेजारी टांगला. जिथे बाबांना गाढ झोप लागली होती तिथे अर्थ गाढ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थात त्यांनी ते वेगळ्या शब्दांत मांडले. रंगपेटीने ते सगळे थांबे आपल्या बायबलात जांभळ्या शाईने उतरवून घेतले. तो तिचा पाचवा रंग.

गेटवाल्याचा बेसिनजवळून उठून थेट नेत्याच्या शेजारी आला. त्याला आता नुसता 'भाऊ' म्हणू लागले. एकीने घसा दुखतो म्हणून त्याच्याकडून प्रार्थना करून घेतली. खोटे कशाला बोला, त्याला हे सगळे आवडले. इतके आवडले की एकदा कुणी विचारले नसताना तो आपणहून म्हणाला, "कधी कधी बाबा एकाच ठिकाणी अर्धा अर्धा तास असतात." त्यावर दोघांनी वहीत लिहून घेतले.

मग धाकटे पाळकसाहेब प्राचार्यांकडे गेले. शुक्रवारच्या विशेष उपासनेचे पाहुणे आयत्या वेळी येत नव्हते, आणि प्राचार्यांना सत्कार करायला कुणीतरी हवेच होते.

"शुक्रवारी चॅपलमध्ये बोलावलंय मला," त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले. "कशाला ते सांगत नाहीत, नुसते हसतात. मोठे साहेब आज गाडीतून उतरून माझ्याशी हात मिळवून गेले. काय करून ठेवलंयस तू?"

मुलाने सांगितले. बाबांचा घास तोंडातच राहिला.

"थांबतात, म्हणालास?"

"हो."

"कशासाठी थांबतात, ते नाही सांगितलंस?"

"ते त्यांनीच ठरवलं."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, बावीस वर्षं घोरण्यावरून मी बोलते तुम्हाला, आणि हे लोक गुच्छ देणार!"

"हसू नकोस गं," बाबा म्हणाले. "कळलं तर काय होईल?"

"नाही कळणार," मुलगा म्हणाला. "तुम्ही फक्त काही बोलू नका. गुच्छ घ्या, हात जोडा आणि खाली या. दहा-अकरा महिने आहेत बाबा, घालवू नका."

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"डोळे मिटा. तिथे चालतं ते."

शुक्रवारी चॅपल भरले होते, कारण त्या दिवशी हजेरी घेणार होते. प्राचार्य बोलले. "आपल्या फाटकावर एक संत बसला होता आणि आपण त्याला फक्त गाडी कुठे लावू, एवढंच विचारत होतो," असे ते म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडले, म्हणून पुन्हा म्हणाले. मग धाकट्या पाळकसाहेबांनी तक्ता उलगडला, आकडा सांगितला आणि इस्त्रीच्या गणवेशात वेदीपाशी उभ्या असलेल्या बाबांच्या हातात ते जाड पुस्तक दिले.

"काका, आम्हा तरुणांना एवढंच सांगा. ज्या क्षणी तुम्ही थांबता, त्या क्षणी नेमकं काय होतं?"

बाबांनी शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले. पहिल्या रांगेत एका प्राध्यापिकेने रुमाल काढला. तिसऱ्या रांगेत मुलगा मनातल्या मनात आकडे मोजत होता. वीसपर्यंत टिकले तर हे निभावले.

सतराला बाबांनी डोळे उघडले आणि हातातल्या पुस्तकाकडे पाहिले.

"डोळा लागतो," ते म्हणाले.

"अंतरीचा डोळा," धाकटे पाळकसाहेब सभेकडे वळून म्हणाले.

"नाही. हेच दोन."

बाबांना वाटले, नीट समजले नसावे.

"जेवण झालं की दुपारी झोप येते. दहा-पंधरा मिनिटं. उठलो की रेघ मारतो, म्हणजे कुठे होतो ते कळतं. अवघड भागात जास्त येते. पण साहेब, फाटक कधी उघडं राहिलं नाही. हॉर्न वाजला की मला लगेच जाग येते."

मागच्या रांगांतून हशा सुरू झाला आणि तो पुढे यायला वेळ लागला नाही. प्राचार्यांच्या हातात गुच्छ होता. तो आता कुणाला द्यावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना दिला. त्यांनी उठून आभार मानले.

सोमवारी बाबांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावले. मेमो तयार होता.

"क्षमा हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे," प्राचार्य म्हणाले. "म्हणून नोकरी राहील. खुर्ची मात्र राहणार नाही."

"साहेब, प्रभूला धरलं त्या रात्री बागेत त्याचे शिष्यही झोपले होते."

"त्यांचा पगार संस्था देत नव्हती."

दुपारपर्यंत खुर्ची केबिनमधून गेली आणि तिच्या जागी भिंतीवर सूचना लागली: कामाच्या वेळेत पहारेकऱ्याने कोणत्याही प्रकारचे वाचन करू नये. सूचना संस्थेच्या कागदावर होती. वर संस्थेचे चिन्ह होते, उघडलेले बायबल.

बुधवारी प्रयोगशाळेत तक्ता नव्हता. गेटवाल्याच्या मुलाचे स्टूल पुन्हा बेसिनपाशी होते. ते कुणी हलवले हे विचारण्यात अर्थ नव्हता. बाबांचे बायबल नेत्याच्या टेबलावर पडले होते. चॅपलच्या गोंधळात ते पुन्हा त्यांच्याकडेच राहिले होते.

"माझ्या तर शाईच्या खुणा आहेत," रंगपेटी म्हणाली. "पुसताही येत नाहीत. उघडलं की त्या माणसाच्या झोपा दिसतात मला."

"आपण रागावायचं नाही," धाकटे पाळकसाहेब म्हणाले. ते फार रागावले होते. "झोपेच्या बंधनातून काकांची सुटका व्हावी म्हणून आपण प्रार्थना करू. भाऊ, म्हणजे... तू. तू सुरुवात कर. वडिलांच्या वतीनं क्षमा माग."

"कुणाची?"

"देवाची."

"देवाला बावीस वर्षं माहीत होतं."

"मग मंडळाची माग. फसवलंस तू आम्हाला."

"मी थांबतात म्हणालो. बाकीचं तुम्ही म्हणालात." तो स्टुलावरून उठला. "आणि फसवलं, हे खरं. मला इथं बसायला आवडलं होतं. पण बाबांनी कुणाला नाही फसवलं. ते लेवीय सहा वेळा वाचून पार झालेत. झोपत झोपत का होईना. इथे कुणाचं एकदा तरी झालंय?"

धाकट्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले. रंगपेटीने पेनांची टोपणे तपासायला घेतली.

त्याने टेबलावरचे पुस्तक उचलले आणि तो बाहेर पडला. ही बातमी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून संध्याकाळपर्यंत मुलींच्या वसतिगृहात पोचणार, हे त्याला ठाऊक होते.

बाबा फाटकाशी उभे होते. तिसऱ्याच दिवशी पावले सुजून बुटांच्या नाड्या सैल कराव्या लागल्या होत्या. ते एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत रस्त्याकडे पाहत होते.

"तास बुडवलास?"

"सुटला. बाबा, कुठपर्यंत आला होतात?"

"गणना. लोकांना दुसऱ्यांदा मोजतात ना, तिथपर्यंत. सहावी खेप आहे ही." ते म्हणाले, "रिटायर होईस्तोवर संपवणार होतो. आता राहिलं."

"काही पाठ आहे का त्यातलं?"

"काही नाही रे. बरंचसं झोपेतच गेलं. पण वाचलं, एवढं खरं."

मुलाने भिंतीवरची सूचना पुन्हा एकदा वाचली. मग केबिनच्या पायरीवर बसून त्याने मांडीवर पुस्तक उघडले.

"अरे, नको. साहेब बघतील."

"पहारेकऱ्यानं वाचू नये म्हणतात. मी कुठे पहारेकरी आहे?"

त्याने वाचायला सुरुवात केली. अमक्याचे कुळ, तमक्याचे कुळ, त्यांची मोजदाद इतके हजार इतकेशे. चौथ्या कुळाला त्याला जांभई आली.

"घाई करू नकोस," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं चालून आलेत ती माणसं."

आतून मोटारीचा हॉर्न वाजला. बाबांनी टोपी नीट केली, ते ताठ झाले, आणि सुजल्या पायांनी जाऊन त्यांनी फाटक पूर्ण उघडले. प्राचार्यांची गाडी त्यांच्यापाशी येऊन हळू झाली. बाबांनी सलाम केला. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावे म्हणून मुलाने आवाज चढवला. पाचवे कुळ, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे, एकूण संख्या.

प्राचार्यांनी गाडीची काच वर केली.